फुली मारलेल्या टिपा

माझा मुलगा ऋतुराज यानं भूपाल चौगुलेच्या थोबाडीत मारली. भर कारखान्यात, सात माणसांसमोर. भूपाल त्याच्याहून सव्वीस वर्षांनी मोठा. ऋत्या रांगत होता तेव्हा तेलाच्या ट्रेमध्ये तोंड घालून पडला होता. त्याला पायाला धरून उलटा करून, पाठीत धपाटे घालून ज्यानं तेल ओकवलं तो हा भूपाल. त्याच माणसाच्या गालावर त्याच पोराची पाच बोटं उठली. भूपालनं खाली पडलेला चष्मा उचलला, शर्टाला पुसला आणि घातला.

वडीलधाऱ्यावर हात टाकायची चाल आमच्या घरात नव्हती. माझे मालक, ऋत्याचे वडील, रागीट होते, पाना फेकून मारायचे, पण भिंतीला. पोरानं ही खोड कुठून आणली हे मी पुष्कळ दिवस शोधत होते. आता सापडली आहे, आणि ती माझ्याच पदरात बांधलेली निघाली.

मी शालन लोहार. चौथी शिकले, तीही धड नाही. शिरोलीच्या एमआयडीसीत आमचा कारखाना. शाळेनं शिकवलं नाही ते मला हिरव्या दगडानं शिकवलं. त्या दगडावर मी लेथच्या हत्यारांना धार लावत असे, एकोणिसाव्या वर्षापासून. मालकांची दोन बोटं लेथच्या चकनं, लोखंड धरून फिरवणाऱ्या जबड्यानं, ओढली तेव्हा ती लोखंडाच्या बुऱ्यातून वेचून रुमालात गुंडाळणारी मीच होते. डॉक्टर म्हणाले, आता उपयोग नाही, टाकून द्या. मी म्हटलं, आमच्यात टाकत नाहीत. दुसऱ्या दिवशी पंचगंगेला नेऊन सोडली.

टाकायचं नाही, हा माझा कायदा. पुढं जे झालं त्याचं मूळ तिथंच आहे.

टिप म्हणजे काय ते आधी सांगते. लोखंड कातायला लेथवर नखाएवढं चौकोनी पातं लागतं, कार्बाइडचं, काचेसारखं कडक आणि काचेसारखंच ठिसूळ. तिला चार कोपरे. एक झिजला की स्क्रू सैल करायचा, टिप फिरवायची, दुसरा कोपरा पुढं आणायचा. अंगावर सोनेरी थर असतो, केसाचे वीस हिस्से केले तर त्यातला एक हिस्सा जाड. तो उष्णता अडवतो. थर आहे तोवर टिप जिवंत.

आणि टिप किती जगेल हे तुम्ही तिला कसं राबवता त्यावर ठरतं. काप खोल घ्या, तिला फारसं काही वाटत नाही. फीड, म्हणजे पुढं सरकायची चाल, वाढवा, थोडी कुरकुरते. वेग वाढवा, मेली. वेग सव्वापट केला की आयुष्य निम्म्याच्याही खाली येतं. अगदी हळू चालवलं तरी सुटका नाही, कातलेला धातू कोपऱ्याला डकतो आणि सुटताना थराचा पापुद्रा घेऊन जातो. जॉबला, म्हणजे कातायच्या तुकड्याला, खाचा असतील तर आणखी वाईट. टिप धातूत शिरते, बाहेर पडते, पुन्हा शिरते, मिनिटाला शेकडो वेळा. दर वेळी तापते, दर वेळी गार होते, वरून कूलंटचं पाणी. तापलेल्या तव्यावर पाणी मारल्यासारखं. मग थराखाली, आतल्या कार्बाइडमध्ये, फणीच्या दातांसारखे बारीक तडे जातात. ते डोळ्याला दिसत नाहीत. कानाला ऐकू येतात, पण तसा कान तयार व्हायला तीस वर्षं लागतात.

झिजलेल्या टिपेच्या पाठीवर, जी बाजू खाली बसते तिच्यावर, मी हिऱ्याच्या पेन्सिलीनं खूण करते. कोपरा गेला की त्या कोपऱ्याशी एक रेघ. चारही गेले की आरपार फुली. फुली मारलेली टिप भंगारात द्यायची नाही, माझ्या बरणीत टाकायची. खंडेनवमीला आमच्याकडे लेथला, पान्यांना, मोजपट्ट्यांना हळदकुंकू लागतं, तसं त्या बरणीलाही लागतं. राबून मेलेल्यांना एक दिवस मान, एवढंच. लोक हसायचे. हसू देत.

चार वर्षांपूर्वी बोलका थर आला. सोनेरी थराच्या पोटात आणखी एक थर, त्यातून मुंगीच्या चालीनं वीज फिरते. थर झिजला की वीज बदलते. लेथचा संगणक ते क्षणाक्षणाला वाचतो आणि वेग स्वतःच ठरवतो. थर जाड आहे, पळव. पातळ झाला, आवर. संपायच्या शेवटच्या सेकंदाला सांगतो, आता बदला. पूर्वी आम्ही भीतीपोटी निम्मा कोपरा शिल्लक असतानाच टिप फिरवायचो. आता एक श्वासही वाया जाईना. संगणकाला आवाज दिलेला, अगदी पुस्तकी. गडी त्याला मास्तर म्हणायला लागले.

मास्तर आल्यावर काम दुपटीनं निघालं, हे मी नाकारत नाही. पेढे मीच वाटले. पण मास्तरनं ऋत्याला एक घाण सवय लावली. जे पडद्यावर दिसत नाही ते नाहीच, असं तो मानायला लागला. गडी म्हणाला पाठ दुखतेय, तर हा विचारायचा, कुठं दिसतंय?

त्या दिवशी भूपाल निकेलच्या मिश्रधातूची कडी कातत होता, हायड्रोजनच्या पंपासाठी. तीस किलोची कडी, कडेला सहा खाचा. मास्तर सांगत होता, "कोपरा क्रमांक दोन, नऊ मिनिटे शिल्लक." आणि भूपालनं लाल बटण दाबलं. लेथ जागच्या जागी थांबला. कडीवर खोल चरा उठला, कडी बाद.

ऋत्या धावत आला. "का दाबलं?"

"टिप रडत होती."

"मास्तर काय म्हणतोय?"

"मास्तरला कान कुठायत, धनी. ऐका जरा माझं, काढून बघू."

ऋत्यानं स्क्रू काढला, टिप दोन बोटांत धरून उजेडात नाचवली. कोपरा शाबूत, सोनं झळकतंय. "ही रडतेय? ही? महिन्यातली तिसरी कडी, भूपालमामा." आणि मारली. टिप स्वतःच्या खिशात घातली. ट्रेमध्ये ठेवली नाही. मी ऑफिसच्या काचेतून हे बघितलं, आणि त्या खिशाचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

मी त्याला आत बोलावलं. "माफी माग त्याची."

"टिप चांगली होती, आई."

"टिपेचं विचारलं नाही मी."

"परदेशातनं टिपा येईनात, जहाज अडकलंय, तिकडं पंपवाले रोज फोनवर शिव्या घालतायत. त्यात ह्यांचे कान. उद्या म्हणतील स्वप्नात दिसलं." तो दार आपटून गेला.

मी त्याला परत बोलावलं नाही. एकुलता एक आहे, वैतागलाय, होईल गार. माझे मालक म्हणायचे, एक कोपरा गेला म्हणून टिप टाकू नये, फिरवून बघावी. मी फिरवून बघितली.

भूपाल संध्याकाळी जाताना दारात थांबला. "आक्का, आता मास्तर सांगेल तेव्हाच माझा हात हलणार."

"भूपाल, रुखवतावर रुसलेल्या जावयासारखा वागू नको. काम कर."

"कामच करतोय, आक्का."

बरोबर बारा दिवसांनी, सकाळी अकराच्या सुमाराला, मी भूपालच्या लेथपासून पाच पावलांवर उभी होते. तीच कडी, त्याच सहा खाचा. मास्तर म्हणाला, "कोपरा क्रमांक एक, सात मिनिटे शिल्लक," आणि वेग चढवला. कडी खाचांसकट एकसारखी गुळगुळीत दिसायला लागली, इतकी पळत होती.

मग तो आवाज आला. मोठा नाही. दाताखाली खडा यावा तसा, कडीच्या ओरडण्याच्या आत दडलेला. भूपालचा उजवा हात बटणावर गेला आणि वर तीन बोटं अंतरावर थांबला. त्यानं माझ्याकडं बघितलं.

आवाज मीही ऐकला होता. हिरव्या दगडापाशी जन्म गेला माझा, मला ऐकू येणार नाही तर कुणाला येणार. पण माझी नजर पडद्यावर गेली. सात मिनिटं. मी मान हलवली नाही. होय म्हणून नाही आणि नाही म्हणूनही नाही.

टिप फुटली. मोकळं झालेलं हत्यार खाचेत घुसलं, चकचे जबडे उघडले, आणि तीस किलोची तापलेली कडी दाराची काच फोडून बाहेर आली. ती काच प्लास्टिकची, कूलंट पिऊन पिऊन पापडासारखी झाली होती. बदलायला हवी होती. मास्तरनं सांगितलं नाही, कारण काचेला थर नव्हता, आणि आम्ही विचारलं नाही, कारण मास्तरनं सांगितलं नाही.

कडीनं भूपालचा हात कोपरापासून नेला. बटणावरचा तोच. नेला म्हणजे तोडला नाही, उपटला. मग ती मागच्या खांबावर आदळली, खांब वाकवून उलटी फिरली आणि जमिनीवर गरगरत राहिली. फरशीतनं ठिणग्या निघत होत्या. काचेचे तुकडे भूपालच्या तोंडात, उजव्या डोळ्यात, गळ्याशी. तो खाली बसला, पडला नाही. रक्त भिंतीवर माझ्या डोक्याच्या वर उडालं होतं. मी पदर फाडला, दंडावर आवळला, त्यात पाना घालून पिळला. रक्त थांबेना म्हणून आणखी पिळला. तो ओरडला, तेव्हा मला कळलं, जिवंत आहे.

आणि त्या सगळ्यात मास्तर जुन्याच हिशेबावर म्हणाला, "कोपरा क्रमांक एक, सहा मिनिटे शिल्लक." सर्जेराव म्हणून आमचा दुसऱ्या लेथवरचा गडी आहे, त्यानं घण घेतला आणि पडदा फोडला. मग तो धावत आलेल्या ऋत्याकडं वळला. त्याची कॉलर धरून त्याचं डोकं लेथच्या पत्र्यावर आपटलं. एकदा. दोनदा. ऋत्याचं नाक फुटलं, दात ओठातनं बाहेर आला. मी हातात भूपालचा दंड धरून बसले होते. तिसऱ्यांदा आपटल्यावर मी म्हटलं, "पुरे, सर्जेराव. गाडी काढ." आधीही म्हणता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी भूपाल शुद्धीवर आला. एक डोळा गेला होता, दुसऱ्यावर पट्टी. त्याची बायको सुमन उशाशी बसलेली. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. भूपालनं पावलं ओळखली.

"आक्का?"

"हं."

"बटण दाबलं नाही मी. सांगा त्याला."

सुमन तेव्हा बोलली. "ऐकलंत? हात गेला माणसाचा, अजून मालकाला कळवतोय. जावा आता."

मी गेले. पुष्कळ बायकांना मी आजवर गप्प केलं आहे, हिला करू शकले नाही.

बाहेर व्हरांड्यात ऋत्या नाकाला पट्टी लावून उभा होता. "आई, उद्या दहाला सरकारी इन्स्पेक्टर येणार. घाबरायचं कारण नाही. मास्तरची नोंद जपलेली आहे, पडदा फुटला तरी. कोपरा निरोगी होता असं ती स्वच्छ सांगते. म्हणजे टिप फुटून झालं नाही. कडी चकमध्ये सैल बसवली होती."

"कडी कुणी बसवली?"

"भूपालमामांनी."

"तीस वर्षांत त्यानं सैल बसवलेला एक जॉब दाखव."

"वय झालं, आई. नोंद खोटं बोलत नाही. तुला विचारलं तर एवढंच सांग, टिप नवी होती."

टिप नवी होती हे सांगायची त्याला एवढी घाई का, हा खडा माझ्या दाताखाली आला.

सकाळी आठलाच मी कारखान्यात गेले. कुणाला सोबत घेतलं नाही. लेथखालचा बुऱ्याचा ट्रे ओढून काढला आणि लोहचुंबक घेऊन मांडी घातली. निकेलच्या त्या मिश्रधातूला चुंबक ओढत नाही. कार्बाइडला ओढतो, त्यात कोबाल्ट असतं म्हणून. हे मला कुठल्या पुस्तकानं सांगितलेलं नाही, मी हजार वेळा बुरा चाळला आहे. भूपालचं रक्त बुऱ्यात वाळून काळं झालं होतं. हात कापले, माझं ताजं रक्त त्यात मिसळलं. अर्ध्या तासात चुंबकाला तीन तुकडे लागले. धुतले. तिसरा उलटा केला, चष्म्यापुढं धरला.

पाठीवर सोनं होतं. आणि सोन्याखालून एक पुसट, तिरपी धरल्याशिवाय न दिसणारी रेघ चालली होती, स्क्रूच्या भोकाकडं, भोकाशी तुटलेली. दुसरी तिला छेदत होती. माझी फुली.

मी उठले, देवीच्या तसबिरीखालची बरणी खाली घेतली आणि फरशीवर पालथी केली. वरच्या चार मुठी टिपा होत्या. खाली सगळे नट.

मेलेल्या टिपा ऋत्यानं नेल्या होत्या. झिजलेल्या कोपऱ्यांना दगडावर धार लावून, वरून नवा बोलका थर चढवून आणल्या होत्या. थर खरंच नवा होता, त्यानं मास्तरला खरंच सांगितलं. मी जाड आहे, मला पळव. आतल्या तड्यांची त्याला काय खबर. तडा गेलेल्या माठाला चुना फासला, आणि मास्तरनं चुना मोजला.

साडेनऊला ऋत्या आला. फरशीवर नट बघून थबकला.

"कुठून थर चढवलास?"

त्यानं आढेवेढे घेतले नाहीत. "इचलकरंजीला एकजण करतो. आई, जहाज अडकलं होतं. काम थांबलं असतं तर हीच माणसं घरी बसली असती. आणि तूच म्हणायचीस की. टाकायचं नाही."

"म्हणायचे."

"मास्तरनं त्या पास केल्या. मी नाही, मास्तरनं."

"भूपालनं केल्या नाहीत. त्यानं ऐकलं होतं. त्या दिवशी बटण दाबलं तेव्हाही तो बरोबर होता, आणि ती टिप तू खिशात घातलीस. फुली दिसू नये म्हणून."

त्याचा हात खिशाकडं गेला.

"थोबाडीत कशाला मारलीस ते आता कळलं. त्याच्या कानाला भ्यालास तू."

"झालं ते झालं." त्याचा आवाज बदलला. "भूपालमामांचं मी बघतो. जन्मभर बघतो, शप्पथ. पण तो तुकडा दे. तो साहेबाच्या हातात गेला तर मी तुरुंगात जातो, आई. त्यांचा हात काही परत येणार नाही."

"त्याच्या नावावर चूक लागेल."

"लागू दे की. त्यांना आता कुठं लेथ चालवायचाय?"

मी मूठ आवळली. त्यानं माझं मनगट धरलं. आधी हळू, मग जोरात. मग पिरगाळलं. एकसष्टाव्या वर्षी हाड कसं वाजतं ते मी माझ्याच कानानं ऐकलं. तुकडा तळव्यात रुतला, बोटांतनं रक्त ठिबकायला लागलं, पण मूठ सुटली नाही. डाव्या हाताला बाकावरचा पाना लागला. मालक भिंतीला मारायचे. मी भिंत शोधली नाही. पाना त्याच्या खांद्यावर बसला, तो गुडघ्यावर आला आणि लहानपणी रडायचा तसा तोंड वासून रडायला लागला. माझा जीव तुटला नाही असं म्हणणार नाही.

फाटकाशी गाडीचा आवाज झाला. दोन दारं वाजली. सर्जेराव कुणाला तरी सांगत होता, इकडून या साहेब.

ऋत्यानं वर बघितलं. "आई, मी तुझा एकुलता आहे."

मी मनगट छातीशी धरून उभी होते. पाना खाली ठेवला, मूठ तशीच ठेवली, आणि बाहेरच्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात त्याला म्हटलं:

"म्हणून तर एवढं फिरवून फिरवून वापरला तुला, ऋत्या. एक कोपरा भूपालच्या गालावर गेला, मी पोटात घातलं. दुसरा माझ्या बरणीत गेला. तिसरा काल दवाखान्यात, हात-डोळा गेलेल्या माणसावर खापर फोडताना. आणि चौथा हा बघ, माझ्या मनगटावर. बरणी माझी होती, आवाज मीही ऐकला होता, ते मी साहेबांना आधी सांगणार आहे, मग तुझं. आता ऊठ आणि त्यांना दार उघड. पाठीवर फुली कुणी मारली म्हणून विचारलं, तर सांग, आईनं मारली."